चुकत चुकत धावणारं यंत्र

पांढऱ्या फ्लेक्सवर काळी इन्सुलेशन टेप नागमोडी चिकटवलेली असते. तिच्यावरून पंजाएवढं एक यंत्र सुसाट निघतं, वळणावर जरा डगमगतं, सावरतं आणि पुढे पळतं. शाळकरी मुलांच्या रोबो-स्पर्धांमधला हा अगदी बाळबोध प्रकार, लाइन फॉलोअर. बघणाऱ्याला वाटतं, याला रेषा दिसतेय. प्रत्यक्षात त्याला कॅमेरा नाही, पुढे वळण आहे याची सुतराम कल्पना नाही. आपण रेषेवरून किती ढळलो एवढंच त्याला कळतं, आणि तेही ढळून झाल्यावर!

पोटाखाली जमिनीला जवळजवळ टेकलेली आठ सेन्सरची एक पट्टी असते. प्रत्येक सेन्सर डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश खाली सोडतो आणि किती परत आला ते मोजतो. पांढरा फ्लेक्स बराच प्रकाश परतवतो, काळी टेप गिळून टाकते. आर्डुइनो नॅनो नावाचा बोटभर बोर्ड हे मोजमाप ० ते १०२३ यांमधल्या आकड्यात घेतो आणि आठ आकड्यांवरून रेषा पट्टीच्या मध्यापासून किती डावी-उजवीकडे आहे ते काढतो. आठही सेन्सर वाचायला एक मिलिसेकंदही लागत नाही. म्हणजे सेकंदाला एक मीटर वेगाने धावणारा रोबो दोन वाचनांच्या मधे जेमतेम एक मिलिमीटर सरकलेला असतो. त्या एकेका मिलिमीटरला तो स्वतःला विचारतो, ‘किती चुकलो?’

खरी गंमत उत्तर मिळाल्यानंतरची. चूक जितकी मोठी तितकं जोरात वळायचं, हा पहिला नियम. पण एवढ्यावर भागत नाही. यंत्र रेषेकडे वळतं, वेगात तिला ओलांडून पलीकडे जातं, परत वळतं, आणि सरळ रस्त्यावरही दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खातं. म्हणून दुसरा नियम: चूक किती वेगाने कमी होतेय तेही बघायचं, आणि झपाट्याने कमी होत असेल तर आधीच हात आखडता घ्यायचा. तिसरा नियम जुन्या उधारीचा हिशेब ठेवतो. थोडीशी पण तीच ती चूक सतत राहिली, एक मोटर दुसरीपेक्षा किंचित मंद असली की होतं तसं, तर तिची बेरीज साठत जाते आणि यंत्राला रेषेकडे ढकलते. या तीन नियमांना मिळून पीआयडी म्हणतात. प्रत्येकाला किती वजन द्यायचं ते तीन आकडे ठरवतात आणि मुलं रात्र रात्र जागतात ती या तीन आकड्यांपायी.

ही रीत रोबोसाठी जन्मलीच नव्हती. निकोलस मिनोर्स्की या रशियात जन्मलेल्या अभियंत्याने अमेरिकी नौदलासाठी काम करताना १९२२ साली ती गणितात मांडली. कसलेला सुकाणूधारी जहाज कसं सांभाळतो हे त्याने नीट पाहिलं. सुकाणूधारी फक्त आत्ताची चूक बघत नाही, ती वाढतेय की घटतेय तेही बघतो आणि आधी किती वेळ चुकत होतो ते लक्षात ठेवतो. पुढे ‘न्यू मेक्सिको’ या युद्धनौकेवर या रीतीच्या चाचण्या झाल्या. एका दर्यावर्दी माणसाच्या हातातला अंदाज समीकरणात उतरला आणि शंभर वर्षांनी नववीतल्या मुलाच्या बोर्डात येऊन बसला, याचं मला अजून नवल वाटतं.

चूक मोजून ती मिटवण्याची ही रीत कारखान्यांच्या गावातल्या, जबलपूरच्या मुलाला तर घरचीच वाटायला हवी. १९०४ सालची गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी, व्हेइकल फॅक्टरी. आख्ख्या शहराची घडणच कारखान्यांची. लष्कराची जोंगा गाडी इथलीच, तिच्या नावातसुद्धा जबलपूर आहे. गन कॅरेज फॅक्टरीने बनवलेल्या १५५ मिलिमीटरच्या ‘धनुष’ तोफांपैकी पहिल्या सहा २०१९ साली लष्कराच्या हाती गेल्या. या तोफेची नळी ठरवलेल्या कोनात आपोआप आणता येते. त्यासाठी हवा तो कोन आणि असलेला कोन यांतला फरक मोजत राहायचा आणि तो शून्य होईपर्यंत नळी हलवायची. टेपवरून धावणाऱ्या त्या खेळण्याच्या मागेही हेच तत्त्व आहे, फक्त तिथे चूक दोन-चार मिलिमीटरची असते.

स्पर्धेच्या दिवशी मात्र गणित बाजूला राहतं आणि भौतिकशास्त्र हिसका दाखवतं. सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण असतात. घरी ट्यूबलाइटखाली शहाण्यासारखा वागणारा रोबो सभागृहाच्या खिडकीशी आला की वेड लागल्यासारखा भरकटतो. म्हणून अनुभवी मुलं सेन्सरभोवती काळ्या कागदाची झालर लावतात आणि शर्यतीआधी जागेवरच काळं-पांढरं पुन्हा मोजून घेतात. बॅटरीचंही तसंच. दोन लिथियम सेल पूर्ण भरलेले असताना ८.४ व्होल्ट देतात, वापरता वापरता ७.४ च्या आसपास येतात. भरल्या बॅटरीवर जुळवलेले आकडे तिसऱ्या फेरीत दगा देतात ते यामुळे. वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाडमध्ये तर त्याच दिवशी सकाळी एक नवा नियम जाहीर करण्याची प्रथा आहे. पाठ करून आलेल्यांची तिथे पंचाईत होते.

२०१६ पासून देशभरच्या शाळांत ‘अटल टिंकरिंग लॅब’ नावाच्या सरकारी अनुदानाच्या प्रयोगशाळा उघडल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळतं. चांगलंच झालं. पण आयतं किट, आयता प्रोग्रॅम आणि शिक्षकांनी आधीच जुळवून दिलेले आकडे घेऊन मिळवलेल्या ढालीला मी फारशी किंमत देत नाही. एखाद्या शाळेच्या स्पर्धेला गेलात तर पहिला कोण आला ते जरा नंतर विचारा. लॅपटॉप मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसलेल्या मुलीला आधी विचारा, ‘तुझा रोबो झोकांड्या का खात होता आणि तू काय बदललंस?’ तिला उत्तर देता आलं, तर तिचा रोबो शेवटचा आला असला तरी बिघडत नाही.