‘४५०’चे सुटे भाग : कुठे वाचवावे, कुठे नाही

रिमोटच्या हेलिकॉप्टरांत ‘४५०’ हे आता एका मापाचेच नाव झाले आहे. तैवानच्या अलाइन कंपनीचे टी-रेक्स ४५० गाजले आणि त्याच्याच मापांवर एचके-४५०, टॅरो, कॉप्टरएक्स अशी स्वस्त यंत्रे निघाली. ३२५ मिमीची पाती, ५ मिमीचा मुख्य शाफ्ट, १५० दात्यांचे मुख्य गिअर, ११.१ व्होल्टची २२०० एमएएच बॅटरी हा त्यांचा ठरलेला साचा. त्यामुळे एकाचा भाग दुसऱ्याला बसतो, पण सरसकट नाही. टी-रेक्सच्या ‘प्रो’ पिढीत शेपटीचा पंखा दांड्याने फिरतो, आधीच्या पिढीत पट्ट्याने. ‘४५० साठी’ एवढेच वाचून शेपटीचा गिअरबॉक्स मागवला, तर पैसे वाया.

सर्वांत स्वस्त भागांपैकी एक म्हणजे मोटरवरचे पिनियन, आणि यंत्राचा स्वभाव सर्वाधिक बदलते तेच. ३५०० केव्हीची, म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला ३५०० फेरे घेणारी मोटर ११.१ व्होल्टला, भार नसताना, मिनिटाला ३८,८५० फेरे घेते. ११ दात्यांच्या पिनियनने पात्यांना त्यातले २,८४९ मिळतात, १३ दात्यांच्या पिनियनने ३,३६७. भाराखाली १५ टक्के घट धरली, तर उरतात साधारण २,४२० आणि २,८६०. दोन दात्यांनी वेग १८ टक्के वाढला, एवढ्यावर हे थांबत नाही. पाते बाहेर खेचणारे बल वेगाच्या वर्गाने वाढते. ३० ग्रॅमचे पाते, त्याचा गुरुत्वमध्य अक्षापासून १८ सेंमीवर असे धरले, तर ग्रिपवरचा ताण सुमारे ३५ किलोवरून ४९ किलोवर जातो. पात्याचे टोक ताशी ३८० किमीच्या आसपास धावत असते. ही ओढ पेलतात पात्यांच्या ग्रिप, त्यांतली थ्रस्ट बेअरिंगे आणि फेदरिंग शाफ्टच्या टोकांचे दोन स्क्रू. इथे शंभर रुपये वाचवणे मला शुद्ध वेडेपणा वाटतो.

एका सेलच्या, ३.७ व्होल्टच्या चिमुकल्या हेलिकॉप्टरांत पाते सुटण्याचा धोका फार कमी. सिमा एस-१०७ ची दुहेरी पाती भिंतीवर आपटली तरी सहसा काही बिघडत नाही. सुट्या भागांच्या दृष्टीने त्यांतली सोयीची जोडी डब्ल्यूएलटॉइज व्ही-९७७ आणि एक्सके के-११० यांची : दोघांचे बरेच भाग एकच असतात, पाकिटावर दोन्ही नावे छापलेली सापडतात.

४५० साठी माझा हिशेब असा. कॅनोपी, लँडिंगचे पाय, टेल बूम आणि मुख्य गिअर बिनधास्त नकलीतले घ्या. पडल्यावर बहुधा हेच मोडते. फक्त गिअरचे दाते मोजा, दात्यांचे मॉड्यूल पाहा आणि शाफ्टला व्हर्नियर लावा. रोटर हेडचे भाग मात्र नावाजलेल्या कंपनीचेच हवेत. आणि हेलिकॉप्टर जोरात आदळले, तर वाकलेला फेदरिंग शाफ्ट ठोकून सरळ करू नका, नवा बसवा.