दोन मिनिटांची सुई

माझे काका मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते, आणि निवृत्त होऊन बारा वर्षे लोटली तरी तारीख आणि सही पाहिल्यावाचून कोणत्याही कागदावर त्यांचा विश्वास बसत नाही. त्यामुळे रक्त कमी असल्याच्या दुखण्यावर डॉक्टरांनी टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन सुचवले, तेव्हा त्यांनी त्या सल्ल्याची छाननी जुन्या फेरफाराच्या नोंदीसारखी सावकाश आरंभली. "या वयाला हे कशाला?" असे त्यांनी विचारले ते मात्र खालच्या आवाजात. या औषधाचे नाव भिंतीभिंतींवरच्या पौरुषाच्या जाहिरातींनी इतके बदनाम केले आहे की सभ्य माणसाला ते उच्चारण्याचाही संकोच वाटावा.

पुरुषाचे हिमोग्लोबिन 13 ग्रॅमच्या वर असावे, काकांचे 11.4 होते. लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने झाल्या, पोट, मूत्रपिंड आणि जीवनसत्त्वे यांची खातरजमा झाली, आणि कोठेही कसूर सापडेना. मग दोन वेगवेगळ्या दिवशी, सकाळी आठला, उपाशीपोटी रक्त काढले. कारण टेस्टोस्टेरॉन या अंतःस्रावाची पातळी सकाळी चढलेली असते आणि दुपारकडे उतरत जाते, व दुपारच्या एकाच आकड्यावर निवाडा करणे म्हणजे एकतर्फी हुकूमनामाच. दोन्ही आकडे कमी निघाले. केवळ रक्तक्षयासाठी हे औषध देत नाहीत, पातळी खरोखर खालावली असेल तरच देतात, हे डॉक्टरांनी स्पष्ट केले, आणि मग हेप्सिडिन नावाच्या द्रव्याची ओळख करून दिली. यकृतातून स्रवणारे हे द्रव्य लोहाच्या कोठारावरचा कोठीवाला. टेस्टोस्टेरॉन त्याचा अंमल ढिला करते, शिवाय रक्तपेशी घडवण्याचा आदेश देणारे एरिथ्रोपोएटिनही वाढवते. अमेरिकेत 65 वर्षांवरील, पातळी कमी असलेल्या 788 पुरुषांवर जो प्रयोग झाला, त्यातील कारण न सापडलेल्या रक्तक्षयाच्या रुग्णांत वर्षभर हे औषध अंगाला चोळणाऱ्या 54 टक्क्यांचे हिमोग्लोबिन निदान एका ग्रॅमने वाढले, नुसता लेप लावणाऱ्यांत 15 टक्क्यांचे. "म्हणजे उरलेल्यांचे नाही," काका म्हणाले. डॉक्टरांनी ते मान्य केले, आणि 2023 च्या मोठ्या प्रयोगात फुप्फुसातील गुठळी आणि हृदयाची अनियमित गती यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत थोडे अधिक आढळले, हेही आपण होऊन सांगितले.

सुईची तयारी मी जवळून पाहिली. चार मिलिलिटरची कुपी सिस्टरनी बराच वेळ मुठीत धरून ठेवली. औषध दाट, आणि थंड असले तर सुईतून सरकेना. "हे एरंडेलात विरघळवलेले असते," त्या म्हणाल्या, आणि लहानपणी एरंडेलाच्या वाटीपुढे पळ काढणारे काका एकदम हसले. "तेच? तरी बरे, आता पिण्याचे नाही!"

"काका, पालथे झोपा, आणि हलू नका." सुई कुल्ल्याच्या स्नायूत खोल गेली, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर ठेवून सिस्टरनी पुरी दोन मिनिटे अंगठा इतक्या धीमेपणाने पुढे ढकलला की दांडा हलतो आहे की नाही याची मला शंका यावी. घाई केली आणि तेलाचे थेंब रक्तवाटे फुप्फुसात गेले, तर खोकल्याची उबळ येते, धाप लागते. म्हणूनच सुई निघाल्यावर अर्धा तास बाकावर बसवून ठेवतात. त्या अर्ध्या तासात काका एकदा नुसते खाकरले, तर सिस्टर हातातले काम टाकून धावत आल्या.

पुढची सुई सहा आठवड्यांनी, नंतर दहा ते चौदा आठवड्यांच्या अंतराने. दरम्यान प्रोस्टेटची तपासणी आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचा टक्का. हा दुसरा आकडा 54 च्या वर गेला की औषध थांबते, कारण रक्त वाढते तसे दाटही होते. काकांनी हे सारे रोजनिशीत उतरवले, आणि 54 खाली तांबड्या शाईने रेघ मारली.

तिसऱ्या खेपेस हिमोग्लोबिन 12.6 आले. मी अभिनंदन करू लागलो, तोच काकांनी चष्मा पुसून कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि सिस्टरना विचारले, "हिमॅटोक्रिटचा रकाना कोणता?"