पशुखाद्यातील कवकविषांचे चयापचय व उत्सर्जन

बुरशी लागलेल्या खाद्यातून जनावरांच्या पोटात गेलेल्या विषांचे शरीरात रूपांतर होते आणि शेण, मूत्र व दूध यांवाटे ती बाहेर पडतात. बुरशीने निर्माण केलेल्या अशा विषांना कवकविषे म्हणतात. त्यांपैकी अफ्लाटॉक्सिन बी१ हे सर्वांत घातक मानले जाते, कारण त्याचा एक अंश दुभत्या जनावराच्या दुधातून माणसापर्यंत पोहोचतो.

== उगम ==
अफ्लाटॉक्सिन हे मुख्यतः ॲस्परजिलस फ्लेव्हस व ॲस्परजिलस पॅरासिटिकस या बुरशींपासून तयार होते. उष्ण व दमट हवा त्यांना मानवते. मका, शेंगदाणा पेंड आणि सरकी पेंड यांत ते विशेष आढळते. इ.स. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. त्यांच्या खाद्यातील ब्राझीलहून आणलेल्या भुईमुगाच्या पेंडीच्या तपासातून या विषाचा शोध लागला.

जालना जिल्ह्यात कापूस, मका व सोयाबीन ही खरिपाची प्रमुख पिके आहेत. काढणीच्या वेळी परतीचा पाऊस आल्यास कणसे भिजतात आणि ओलसर धान्य साठवल्यास त्यावर बुरशी वाढते. माणसाच्या खाण्यास अयोग्य ठरलेला असा मका वाया जाऊ नये म्हणून पुष्कळदा भरडून जनावरांना घातला जातो. बुरशी झटकली किंवा भरडा शिजवला, तरी विष नाहीसे होत नाही, कारण ते उष्णतेला बऱ्याच अंशी दाद देत नाही.

== कोठीपोटातील बदल ==
गाय, म्हैस, शेळी व मेंढी या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीव काही विषांचे विघटन करतात. ओक्राटॉक्सिन ए या विषाचा मोठा भाग तेथेच बराच निरुपद्रवी होतो. म्हणून डुकरे व कोंबड्या यांच्या तुलनेने गाईगुरांना त्याचा त्रास कमी होतो. मात्र प्रत्येक बदल हितकारक नसतो. झिअरालेनोनपासून कोठीपोटात तयार होणारे अल्फा-झिअरालेनॉल मूळ विषापेक्षा अधिक तीव्र स्त्रीसंप्रेरकासारखे कार्य करते. अफ्लाटॉक्सिन बी१चे विघटन तर अल्पच होते. उरलेले विष आतड्यातून रक्तात शोषले जाते आणि यकृताकडे जाते.

== यकृतातील चयापचय ==
यकृतातील विकर, म्हणजे एंझाइम, बी१चे रूपांतर दोन प्रमुख दिशांनी करतात. एका दिशेने इपॉक्साइड नावाचा अत्यंत क्रियाशील पदार्थ तयार होतो. तो पेशीतील डीएनएला चिकटतो आणि यकृताच्या कर्करोगाचे मूळ बनू शकतो. ग्लुटाथायोन या संयुगाशी जोडला गेल्यास तो निष्प्रभ होऊन पित्त व मूत्र यांवाटे बाहेर जातो. दुसऱ्या दिशेने बी१ला हायड्रॉक्सिल गट जोडला जाऊन अफ्लाटॉक्सिन एम१ तयार होते. एम१ हे बी१पेक्षा सौम्य असले, तरी निर्धोक नाही. शरीराची ही शुद्धीकरणाची व्यवस्था जनावराला काही प्रमाणात वाचवते, पण ती विष पूर्णपणे नष्ट करत नाही.

== उत्सर्जन ==
बी१ व त्याची रूपांतरे प्रामुख्याने पित्तावाटे शेणात आणि मूत्रात उतरतात. दुभत्या जनावरात एम१ दुधातही येते. दूषित खाद्य दिल्यानंतर साधारण १२ ते २४ तासांत ते दुधात दिसू लागते. खाल्लेल्या बी१पैकी सामान्यतः १ ते ३ टक्के भाग या रूपाने दुधात उतरतो. अधिक दूध देणाऱ्या गाईंमध्ये हे प्रमाण ६ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

उदाहरणार्थ, गाईने रोज किलोमागे २० मायक्रोग्रॅम बी१ असलेले ५ किलो खाद्य खाल्ले, तर तिच्या पोटात १०० मायक्रोग्रॅम विष जाते. त्यातील २ टक्के, म्हणजे २ मायक्रोग्रॅम, १० लिटर दुधात उतरल्यास प्रतिलिटर ०.२ मायक्रोग्रॅम एम१ आढळेल. हे प्रमाण भारताच्या ०.५ मायक्रोग्रॅम प्रतिकिलो या मर्यादेच्या आत, परंतु युरोपीय संघाच्या ०.०५ मायक्रोग्रॅम प्रतिकिलो या मर्यादेच्या सुमारे चौपट आहे.

== जनस्वास्थ्य ==
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने इ.स. २०१८ मध्ये केलेल्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्के नमुन्यांत, एम१ मर्यादेपेक्षा अधिक आढळले. दूध उकळल्याने किंवा पाश्चरीकरणाने ते नष्ट होत नाही. ते केसीन या प्रथिनाला चिकटत असल्यामुळे पनीरमध्ये त्याचे प्रमाण दुधापेक्षा वाढते. लहान मुलांचा आहार दुधावर अधिक अवलंबून असल्याने त्यांना धोका जास्त असतो.

== प्रतिबंध ==
दूषित खाद्य थांबवल्यास साधारणतः तीन ते चार दिवसांत दुधातील एम१ जवळजवळ नाहीसे होते. म्हणून खरा उपाय दुधात नसून गव्हाणीत आहे. मका साठवण्यापूर्वी १३ ते १४ टक्क्यांहून कमी ओलाव्यापर्यंत वाळवणे, फुटके व किडके दाणे वेगळे काढणे, पेंडीची पोती जमिनीपासून उंच व भिंतीपासून दूर ठेवणे आणि बुरशीचा वास येणारे खाद्य दुभत्या जनावराला न देणे, हे त्याचे प्रमुख मार्ग आहेत. बेंटोनाइटसारखी माती खाद्यात मिसळल्यास ती आतड्यात विष धरून ठेवते व त्याचे शोषण घटते, परंतु हा स्वच्छ साठवणुकीला पर्याय नव्हे.