ट्रक मेकॅनिकचं आरोग्य : यार्डात काय जपायचं, घरात काय जपायचं

आपल्या वस्त्यांमधली बरीच मुलं आयटीआय करून किंवा गॅरेजात हाताखाली शिकून घरपोच माल पोहोचवणाऱ्या कंपन्यांच्या यार्डात ट्रक मेकॅनिक म्हणून लागली आहेत. गाड्या दिवसा रस्त्यावर असतात, म्हणून दुरुस्ती बहुतेक रात्री. सकाळी गाडी सुटलीच पाहिजे, ही घाई डोक्यावर. आम्ही तपासणीसाठी घरोघरी जातो तेव्हा हातावरचे चट्टे, खोकला, कंबरदुखी "कामात चालायचंच" म्हणून सोडून दिलेली दिसते. पण यातलं बरंच टाळता येतं.

हात आणि कातडी : इंजिनातून काढलेलं काळं ऑइल नव्या ऑइलपेक्षा घातक असतं. ते वर्षानुवर्षं अंगाला लागत राहिलं तर खाज, फोड आणि पुढे कातडीचा कर्करोगही होऊ शकतो. ऑइलची चिंधी पँटच्या खिशात ठेवू नका; मांडीला तेच ऑइल लागत राहतं. हात पेट्रोल-डिझेलने धुऊ नका, साबण-पाण्याने धुवा. त्या हाताने तंबाखू मळणं म्हणजे दोन विषं एकदम तोंडात घालणं.

धूर आणि धूळ : डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केलं. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. ब्रेकची धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनरमध्ये फुप्फुसं निकामी करणारं अॅस्बेस्टॉस असू शकतं.

जिवावरचे धोके : नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रकखाली कधीही शिरू नका. खाली घोडी लावा, चाकांना ठोकळे लावा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. भाजलं तर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी. हळद, टूथपेस्ट काही नको. बॅटरीचं अॅसिड डोळ्यात उडालं तर तिथेच वीस मिनिटं पाण्याने डोळा धुवा आणि मग दवाखाना गाठा. इंजेक्टरची डिझेलची धार किंवा ग्रीसगनचं ग्रीस बोटात घुसलं तर बाहेरून टाचणीएवढंच भोक दिसतं, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. पण आतलं मांस सडून बोट जाऊ शकतं. सकाळची वाट न बघता लगेच मोठं रुग्णालय गाठा.

घरात : कामाचे कपडे घरच्या कपड्यांत भिजवू नका, वेगळे धुवा. हातपाय धुऊन, कपडे बदलून मगच लेकराला उचला.

आणि विमा : बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. कामगारांच्या आरोग्य विम्याचा पाया त्याच काळात घातला गेला आणि १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्याला हा विमा मिळतो. ठेकेदाराकडच्या कामगारालाही मिळतो. शंभर रुपयांमागे कामगाराचे ७५ पैसे कापले जातात, मालक सव्वातीन रुपये भरतो. उपचार कुटुंबालाही मिळतात. कामावर इजा झाली तर घरी बसावं लागलेल्या दिवसांची सुमारे नव्वद टक्के मजुरी मिळते.

म्हणूनच "मोटरसायकलवरून पडलो असं सांग" असं सुपरवायझर म्हणाला तरी ऐकू नका. इजा कुठे, कशी झाली ते डॉक्टरांना खरं सांगा, केसपेपरवर लिहून घ्या, यार्डाच्या अपघात नोंदवहीत नोंद करायला लावा. खोटं सांगितलं की हक्काची भरपाई बुडते.

आपल्या घरातला कुणी हे काम करत असेल तर आजच त्याला विचारा : तुझा विमा क्रमांक आहे का? नसेल तर चारपाच जण मिळून मागा. एकट्याला उडवून लावतात, पाचजणांना उत्तर द्यावं लागतं.

जय भीम.