एका खोलीतली झोप

मे महिन्यातली जळगावची रात्र. साडेअकरा वाजून गेले तरी भिंती दिवसभर प्यायलेलं ऊन ओकताहेत. खिडकीत कूलर घरघरतोय. एकाच खोलीत आजी-आजोबा, आई-बाबा, शाळकरी ताई आणि सात महिन्यांचं बाळ अशी सहा अंथरुणं. बाळ कुरकुरतं, मग टाहो फोडतं आणि घर जागं होतं. बाबांची सकाळची पाळी, ताईची परीक्षा, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं आजारपण. अंधारातून आजीचा आवाज येतो, "पोऱ्या रडी ऱ्हायना, त्याले पाज ना!"

असं घर जळगाव-धुळ्यात शोधत फिरावं लागत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या सुमारे ३७ टक्के कुटुंबांकडे राहायला एकच खोली होती. मोबाइलवर मात्र 'स्लीप ट्रेनिंग'चे जे सल्ले येतात, त्यात बाळाची वेगळी खोली असते, दार असतं आणि दाराबाहेर घड्याळ लावून थांबलेले आई-बाप असतात. बोस्टनचे डॉ. रिचर्ड फर्बर यांचं या विषयावरचं गाजलेलं पुस्तक १९८५ मध्ये आलं, तेही अशाच घरांसाठी. ते वाचून एका खोलीतली आई म्हणते, हे आपल्यासाठी नाही. तिच्या या निष्कर्षामागे काही गैरसमज आहेत. घरातल्या मोठ्यांचेही आहेत.

गैरसमज : झोपेची सवय लावायची तर बाळाला स्वतंत्र खोली हवी.

वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शनात सांगितलं आहे की, निदान पहिले सहा महिने बाळ आई-वडिलांच्याच खोलीत झोपावं, पण वेगळ्या अंथरुणावर. म्हणजे या सल्ल्याचा पहिला अर्धा भाग एका खोलीचं घर आपसूकच पाळतं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत भारतासह १७ देश-प्रदेशांतल्या २९,२८७ तान्ह्या आणि लहान मुलांच्या झोपेची माहिती होती. आई-बाबांच्याच अंथरुणात झोपणाऱ्या मुलांचं प्रमाण न्यूझीलंडमध्ये जेमतेम ६ टक्के, तर व्हिएतनाममध्ये ८३ टक्के निघालं. बाळाला जवळ घेऊन झोपणं ही एकट्या खानदेशाची रीत नव्हे.

राहिला वेगळ्या अंथरुणाचा प्रश्न. त्याला वेगळं फर्निचर लागत नाही. जळगावच्या एमआयडीसीत विणलेली प्लास्टिकची चटई घराघरात असतेच. तिच्यावर पातळ, घट्ट, सपाट गादी, तिच्यावर ताणून खोचलेली चादर आणि आईच्या अंथरुणापासून हातभर अंतर एवढं पुरतं. उशी, लोड, मऊ दुलई, खेळणी यातलं काही त्या गादीवर नको. बाळ कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं असेल, शेजारी झोपणारं कुणी विडी-सिगारेट ओढत असेल किंवा दारू प्यायलेलं असेल, तर एका अंथरुणाचा धोका फार वाढतो. बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर डोळा लागणं तर सगळ्यात वाईट.

खोली एक असण्याची किंमत मात्र आहे. पेनसिल्वेनियातल्या २०१७ च्या एका अभ्यासात, नऊ महिन्यांची होऊनही आई-बाबांच्या खोलीत झोपणारी बाळं, लवकर वेगळी झोपू लागलेल्या बाळांपेक्षा रात्री सुमारे ४० मिनिटं कमी झोपत होती. एकाच खोलीत बाळाची प्रत्येक चुळबुळ ऐकू येते, त्याला लगेच उचललं जातं, आणि उचललं की ते पुरतं जागं होतं. यावर दोरीला अडकवलेलं जुनं लुगडंसुद्धा कामी येतं. बाळाला अर्धवट जागेपणी आईचा चेहरा दिसत नाही, आजोबांच्या मोबाइलचा उजेडही पोचत नाही. फक्त पडदा नि दोरी बाळाच्या हाताला लागणार नाही इतकी दूर हवी.

गैरसमज : सवय लावणं म्हणजे रडून रडून थकेपर्यंत सोडून देणं.

वस्तुस्थिती : ती अनेक पद्धतींपैकी एक आहे, आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या वस्तीत ती चालणारही नाही. मेलबर्नच्या संशोधकांनी ३२६ कुटुंबांबरोबर केलेल्या प्रयोगात आयांना दोन पर्याय दिले होते. पहिला, थोड्या थोड्या वेळाने जाऊन समजूत घालण्याचा. दुसरा, बाळाच्या अंथरुणापाशी बसून राहायचं आणि काही दिवसांत हळूहळू दूर सरकायचं. हा दुसरा पर्याय एका खोलीसाठीच केल्यासारखा आहे. पहिले काही दिवस अंगावर हात ठेवून थोपटायचं, मग नुसतं शेजारी बसायचं, मग आपल्या अंथरुणावरून "आहे मी इथं" एवढंच म्हणायचं. त्या प्रयोगातली मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तेव्हा त्यांच्या मनावर, वागण्यावर किंवा आईशी असलेल्या नात्यावर वाईट परिणाम आढळला नाही. कायमचा वेगळा फायदाही दिसला नाही. फायदा झाला तो त्या वेळच्या झोपेचा आणि आईच्या मनःस्थितीचा.

यातलं काहीही चार-सहा महिन्यांच्या आधी सुरू करू नये. दोन महिन्यांच्या बाळाला शिस्त लावता येत नाही.

गैरसमज : रात्री उठलं म्हणजे भूक लागली. आईचं दूध पुरत नाही, पेज पाजा.

वस्तुस्थिती : तान्ह्या बाळाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण ५० ते ६० मिनिटांचं असतं. त्याच्या शेवटी ते हलतं, तोंड वेडंवाकडं करतं, कण्हतं, कधी डोळेही किलकिले करतं, आणि कुणी हात लावला नाही तर पुष्कळदा पुन्हा झोपतं. मिनिट-दोन मिनिटं थांबून पाहणं, हाच इथं निम्मा उपाय. पहिल्या महिन्यांत रात्रीचं दूध लागतंच, ते तोडायचं नाही. पण प्रत्येक हालचाल म्हणजे भूक नव्हे.

कॅनडातल्या २०१८ च्या अभ्यासात सहा महिन्यांच्या ३८ टक्के बाळांना सलग सहा तासही झोप येत नव्हती, आणि त्यांचा मानसिक नि हालचालींचा विकास इतर बाळांइतकाच होता. पेजेची कथाही तपासली गेली आहे. झोपण्याआधी तांदळाचं सीरिअल देऊन रात्रीच्या झोपेत फरक पडत नाही, असं अमेरिकेतल्या १९८९ च्या चाचणीत दिसलं. सहा महिन्यांपर्यंत निव्वळ आईचं दूध, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. दूध पुरतं की नाही, हे वजन सांगतं. बाळंतपण दवाखान्यात झालं असलं तरी आशाताई पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा घरी येते आणि बाळाचं वजन करते. पुढेही तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी तिची फेरी असते. 'दूध कमी पडतंय का' हा प्रश्न शेजारणीपेक्षा तिला विचारलेला बरा.

गैरसमज : दिवसा घर चिडीचूप ठेवा, किंवा दिवसा झोपूच देऊ नका म्हणजे रात्री झोपेल.

वस्तुस्थिती : जन्मतः बाळाला दिवस-रात्रीचा पत्ता नसतो. दोन-तीन महिन्यांत शरीराचं घड्याळ लागायला सुरुवात होते आणि ते लागतं उजेडाने. म्हणून दिवसाची झोप उजेडात, कुकरच्या शिट्टीत झाली तरी चालते. रात्री मात्र दिवा मंद, आवाज बारीक, बोलणं कमी. दिवसा जागं ठेवण्याची युक्ती उलटते, कारण अतिथकलेलं बाळ जास्त रडतं आणि उशिरा झोपतं. ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला २४ तासांत १२ ते १६ तास झोप लागते, आणि त्यात दिवसाच्या डुलक्याही धरलेल्या आहेत.

रोजचा ठरावीक क्रम खूप काम करतो. ४०५ आयांबरोबर झालेल्या २००९ च्या चाचणीत अंघोळ, मालिश आणि शांत वेळ हा क्रम रोज पाळल्यावर दोन आठवड्यांत मुलं लवकर झोपू लागली. हे तर घरचंच शास्त्र, फक्त आपल्याकडे तेल-पाणी सकाळी असतं. म्हणून तर न्हाऊन-माखून बाळ भर दुपारी गाढ झोपतं. निदान हलकी मालिश आणि अंग पुसणं संध्याकाळी नेऊन पाहावं. धुरी मात्र दोन्ही वेळा टाळावी. बंद खोलीतला ओव्या-लसणीचा धूर त्या इवल्या फुप्फुसांना झेपत नाही.

कूलरची घरघर झोप मोडत नाही, उलट भांड्यांचा खणखणाट झाकते. त्याचा झोत थेट अंगावर नको आणि वायर रांगत्या बाळाच्या हाताला लागायला नको. पारा ४४-४५ वर असताना कुंची, टोपडं, दुपटं असा जामानिमा तर मुळीच नको, कारण अंग तापणं हाही झोपेतला धोका आहे.

गैरसमज : झोळी आणि राईची उशी पिढ्यान् पिढ्यांची, त्यात कसला धोका?

वस्तुस्थिती : झोळीत, म्हणजे खानदेशी उच्चारातल्या झोयीत, बाळ अर्धचंद्रासारखं वाकतं. हनुवटी छातीला टेकली तर श्वासाची वाट अरुंद होते. नजरेसमोर थोडा झोका देणं वेगळं, रात्रभर झोळीत ठेवणं वेगळं. झोप लागली की सपाट गादीवर, पाठीवर. डोक्याला गोल आकार यावा म्हणून दिलेली राईची उशीही झोपेत नको. डोकं एका बाजूने चपटं होऊ नये यासाठी बाळ जागं असताना, कुणी जवळ बसून, त्याला पोटावर खेळवणं पुरेसं असतं.

झोका नसेल तर? जपानमधल्या २०२२ च्या एका छोट्या अभ्यासात रडणाऱ्या बाळाला उचलून पाच मिनिटं चाललं, मग झोपलेल्या बाळाला घेऊन पाच ते आठ मिनिटं बसलं आणि नंतरच खाली ठेवलं, तर ते जागं होण्याची शक्यता घटली. चालायला दहा बाय दहाची खोली पुरते.

गैरसमज : गुटीत थोडं जायफळ उगाळलं की बाळ शांत झोपतं, आणि ते औषधच आहे.

वस्तुस्थिती : बाळाला गुंगी देऊन गप्प करण्याचा मराठी मुलखाला मोठा इतिहास आहे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी डॉ. बार्न्स या सरकारी डॉक्टर बाईंनी केली. शंभरातल्या ९८ बाळांना अफू दिली जाते, असं त्यांनी नोंदवलं. चाळीच्या एका खोलीत बाळ ठेवून आईला दहा-अकरा तासांच्या पाळीला जायचं असे, आणि 'बाळागोळी' कोपऱ्यावर मिळत असे. दोष आयांच्या मायेत नव्हता. पाळीचे तास, एकच खोली आणि सांभाळायला कुणी नसणं, यांचा तो हिशेब होता.

आज अफूची गोळी दिसत नाही, पण तोच हिशेब जायफळाच्या वेढ्यांनी आणि सर्दीच्या सिरपने मांडला जातो. जायफळातलं मिरिस्टिसिन मेंदूवर काम करतं, आणि सहाणेवर उगाळताना किती मात्रा उतरली हे कुणालाच कळत नाही. गुटीत मध घातला, तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला बॉट्युलिझम या विषबाधेचा धोका असतो. क्लोरफेनिरामिन आणि फिनायलेफ्रिन ही जोडी असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा छापण्याची सूचना देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिली. बाळ सुस्त पडलं, दूध ओढेनासं झालं, झोपेत घोरू लागलं किंवा श्वासात खंड पडू लागला, तर झोपेचे उपाय करत न बसता थेट डॉक्टर गाठावा.

तेव्हा त्या सहा अंथरुणांच्या खोलीत बदल करायचा तर तो मोठ्यांपासून सुरू होतो. आठच्या सुमारास मोठा दिवा बंद, छोटा चालू. आजीची मालिका हेडफोनवर किंवा शेजारी. बाळाची गादी भिंतीकडे, दारापासून दूर, म्हणजे पाळीवरून उशिरा येणाऱ्याचा पाय तिला लागत नाही. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवायचं की, आठवडाभर बाळ थोडं जास्त रडेल. आणि रात्री दीड वाजता कुरकुर ऐकू आली की, 'पाज' म्हणण्याआधी आजीने अंधारात शंभरापर्यंत मोजायचं.