इसब आणि गाजरगवत



मजुरी, बोनस आणि कामाचे तास यांवर बोलणाऱ्या माणसाने इसबासारख्या विषयाला हात घालावा, हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु मजुराचे भांडवल म्हणजे त्याचे दोन हात. हातांची कातडी फुटली, डोळ्यांच्या पापण्या सुजल्या, की त्याचा खाडा पडतो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून हा प्रश्न जितका वैद्यकाचा, तितकाच तो आमचाही आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. वाचून, जाणत्यांना विचारून आणि कष्टकऱ्यांत हिंडून जे समजले, तेवढेच आपणांपुढे मांडतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कातडीवर काही उठले की आपल्याकडे "रक्त बिघडले" म्हणतात, आणि घरातली माणसे त्या बिचाऱ्याचे ताट-वाटी वेगळी करतात. इसब हा स्पर्शाने पसरणारा रोग नव्हे. गजकर्ण बुरशीमुळे होते, खरूज बारीक किड्यामुळे होते, आणि ही दोन्ही एकाची दुसऱ्याला लागतात. इसब लागत नाही. इसब झालेल्या बाईला खुरपणीच्या टोळीतून बाजूला बसवणे हा निव्वळ अन्याय आहे.

मग इसब होते कसे? आपला भुईकोट किल्ला डोळ्यांपुढे आणा. तटाचे दगड घट्ट बसतात ते मधल्या चुन्यामुळे. कातडीच्या वरच्या थराचीही रचना तशीच आहे. वाळलेल्या पेशी हे दगड आणि त्यांमधली स्निग्ध द्रव्ये हा चुना. कोणाचा चुना जन्मतःच कच्चा असतो. अशा घरांत लहान मुलांना इसब आणि दमा ही जोडगोळी पुष्कळदा आढळते. कोणाचा चुना सोडा, साबण आणि सिमेंट यांनी झडतो. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. हिवाळ्याची कोरडी हवा आणि विहिरी-बोअरचे जड पाणी त्यात भर घालतात. तट खिळखिळा झाला, की बाहेरचा शत्रू आत शिरतो आणि शरीर त्याच्याशी झुंजू लागते. या झुंजीचेच नाव इसब.

आपल्या भागातल्या अशा शत्रूंमध्ये गाजरगवताची गणना आधी करावी लागेल. हे झाड मूळचे मेक्सिकोच्या आखाताभोवतालचे. १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली. परदेशी गव्हाबरोबर त्याचे बी आले असे सामान्यतः मानतात, आणि लोकांनी त्याला "काँग्रेस गवत" हे नावही देऊन टाकले. एकेक झाड १५ ते २५ हजार बिया टाकते. बांध, पडीक रान, रेल्वेचा कडेचा पट्टा, शाळेचे पटांगण, कोठेही ते उगवते. त्यात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. झाडावरची बारीक लव आणि वाळक्या पानांचा भुगा वाऱ्याबरोबर उडतो, आणि त्यासोबत ते द्रव्यही येते. त्यामुळे झाडाला हात न लावणाऱ्यालाही त्रास होतो. पुण्याकडच्या अशा रोग्यांची हकीकत १९७० नंतरच्या दशकात परदेशी वैद्यकीय नियतकालिकांतूनही प्रसिद्ध झाली.

हा शत्रू धूर्त आहे. माणूस वर्षानुवर्षे त्या गवतात वावरतो आणि त्याला काही होत नाही. मग एके दिवशी शरीर ते द्रव्य ओळखू लागते, आणि एकदा ओळख पटली की ती सहसा पुसत नाही. शिवाय त्रास उठतो तो संपर्कानंतर एक-दोन दिवसांनी. म्हणून माणूस काल खाल्लेल्या वांग्याला दोष देतो आणि परवाचे गवत मोकळे सुटते. रोग हाल्याला आणि औषध पखालीला, अशातला हा प्रकार.

तेव्हा शत्रू ओळखायचा कसा? बोट ठेवावे ते जागेवर. पापण्या, मानेच्या बाजू, कानामागची जागा आणि कोपराच्या आतल्या घड्या येथे इसब असेल, पावसाळ्यात वाढत असेल आणि परगावी गेल्यावर उतरत असेल, तर संशय गाजरगवताचा धरावा. कपाळावर टिकलीच्या जागीच खाज येत असेल, तर टिकलीमागचा डिंक तपासावा. डाव्या हाताच्या अंगठ्याची आणि पहिल्या दोन बोटांची टोके भेगाळली असतील, तर लसूण सोलणे आठवावे. पायावर चपलेच्या पट्ट्याचाच आकार उमटला असेल, तर दोष रबराचा. गवंड्याच्या हातांना इसब झाले, तर सिमेंटातल्या क्रोमियमच्या क्षारांचा विचार करावा. खात्री हवी असेल, तर त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या पट्ट्या लावून दोन दिवसांनी काढतात, आणि कातडी कोठे लाल झाली ते पाहून निदान करतात. ज्यांना गाजरगवताची बाधा आहे, त्यांच्यापैकी काहींना त्याच कुळातली शेवंती आणि सूर्यफूलही सोसत नाही. फुलांच्या मळ्यात राबणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता उपाय. रानात जाताना पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घालावा आणि डोके-मान झाकावी. घरी येताच कोमट पाण्याने अंग धुवावे. कढत पाणी, वजरी आणि सोड्याचा साबण टाळावा. अंग टिपून ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधे व्हॅसलीन लावावे. झडलेल्या चुन्याची ही दुरुस्तीच होय, आणि ती रोज करावी लागते. कामाचे कपडे निराळे धुवावेत. घोंगडी उबदार खरी, पण तिची लोकर नाजूक कातडीला टोचते. मध्ये सुती चादर घ्यावी. नखे कापलेली असावीत.

"झाडपाल्याचे औषध, त्याने अपाय काय होणार?" असे पुष्कळजण विचारतात. गाजरगवत हाही झाडपालाच आहे! बिब्बा, रुईचा चीक, लसणाचा लेप आणि चुना यांनी इसब भाजून निघते. धोबी बिब्ब्याच्या रसाने कपड्यांवर खूण करीत, आणि दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानातल्या सैनिकांच्या मानेवर तेवढ्या खुणेनेही फोड आले. दुसरे टोक म्हणजे दुकानातून विचारून आणलेले मलम. स्टेरॉइडचे मलम इसबावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली गुणकारी आहे. पण मनाने महिनोन्‌महिने चोळल्यास कातडी पातळ होते, आणि इसब समजून गजकर्णावर लावल्यास ते पसरते. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीखेरीज विकू नयेत असे ठरवले, ते यामुळेच. पू झाला, ताप आला किंवा अंगभर पसरले, तर घरी बसू नये, दवाखाना गाठावा.

एवढे सगळे एकट्याने केले, तरी वाऱ्याला कोण अडवणार? एकाने आपले वावर साफ केले आणि शेजारच्या पडिकात गवत फुलले, तर त्याचे श्रम फुकट गेले. म्हणून हे काम संघटितपणेच झाले पाहिजे. पाऊस पडून जमीन ओली झाली, की फुलावर येण्याआधी झाडे मुळासकट उपटावीत. उपटणाऱ्यांना हातमोजे द्यावेत, आणि ज्यांना आधीच बाधा आहे त्यांना त्या कामावर लावू नये. मोकळ्या जागेत टाकळा वाढू दिला, तर तो गाजरगवताला दाबतो. १९८४ मध्ये बंगळूरला मेक्सिकोहून आणून सोडलेला भुंगाही हे गवत खातो, पण एकट्या भुंग्याच्या जिवावर स्वस्थ बसता येणार नाही.

कारखान्यातल्या रसायनांनी आणि रंगांनी होणारा त्वचादाह १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या परिशिष्टात सरकारला कळवण्याचा रोग म्हणून आला. त्यामागे कामगारांची जूट होती. खुरपणाऱ्या बाईच्या मानेवरचे इसब कोणत्या रजिस्टरात चढते? ग्रामसभेत हा प्रश्न विचारा. हातमोजे, धुण्यासाठी पाणी आणि फुलाआधीची गवतकाढणी या तीन गोष्टी मागा. मागणी लहान आहे आणि खर्चही फार नाही. पावसाळा दीड-दोन महिन्यांवर आला आहे.