ड्रॅगनने केला घात!

कुंभकोणम् सोडून गाडी मायिलादुतुरैकडे निघाली, की भातखाचरांमधून आडुतुरै येते. तंजावरच्या भोसल्यांची सत्ता एकेकाळी या कावेरीकाठावर होती. आडुतुरैची ओळख मात्र तिथल्या भात संशोधन केंद्राची; ‘एडीटी’ हे तांदळाच्या वाणांचे नाव याच गावावरून पडले. पुढच्या मायिलादुतुरैची ओळख वेगळीच. ११ डिसेंबर १९६९ रोजी विश्वनाथन आनंद तिथे जन्मला. आई सुशीला यांच्याकडून तो सहाव्या वर्षी बुद्धिबळ शिकला आणि १९८८ मध्ये भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला.

सप्टेंबर १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये, १०७व्या मजल्यावर, तो जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हसमोर बसला. वय अवघे पंचवीस. पहिले आठ डाव बरोबरीत सुटले, नववा आनंदने जिंकला! दहाव्यात कास्पारोव्हने उट्टे काढले. गुण समसमान झाले.

अकराव्या डावात पांढरी मोहरी आनंदकडे होती. राजापुढचे प्यादे दोन घरे सरकले, तेव्हा कास्पारोव्हने वजिराच्या बाजूच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे पुढे केले. हाच सिसिलियन बचाव. नाव बचावाचे असले तरी वृत्ती हल्ल्याची! त्यातही त्याने निवडला ‘ड्रॅगन’ प्रकार. काळ्या प्याद्यांची रांग आकाशातल्या कालेय तारकासमूहासारखी वाकडी दिसते, म्हणून हे नाव पडले म्हणतात. त्यात राजाच्या बाजूचा उंट कोपऱ्याजवळ बसून लांब कर्णावर डोळा ठेवतो. पांढरा राजा पलीकडच्या बाजूला गेला, की दोन्हीकडून प्याद्यांची धावाधाव. कोण आधी पोहोचतो, एवढाच प्रश्न.

कास्पारोव्हच्या भात्यात हा बाण तोवर दिसला नव्हता. चॅलेंजरने महिनोन्महिने तयारी करावी ती समोरच्याच्या नेहमीच्या चालींची. नेमकी तीच वाया गेली. तरीही आनंद बरोबरीत होता, आणि तिथेच त्याची एक चाल चुकली. काळ्याने डाव जिंकला. पराभवापेक्षा तो कसा आला, हेच जिव्हारी लागणारे. तेराव्या डावात पुन्हा ड्रॅगन, पुन्हा काळ्याचा विजय. चौदावाही कास्पारोव्हने घेतला. अखेर १०॥–७॥ गुणांनी मुकुट त्याच्याकडेच राहिला.

मायिलादुतुरैच्या या मुलाला पाच वर्षे थांबावे लागले. २००० मध्ये तेहरानला अलेक्सी शिरोव्हला हरवून तो जगज्जेता झाला.